बिल्डिंगचा काम

रामचंद्रनं फोन खाली ठेवला आणि तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याची आई, दमयंती, जमिनीवर पाय पसरून अळूची पानं पुसत होती. वय शहात्तर झालं तरी ओट्याशी उभं राहून काम करणं तिला कधी जमलं नाही. नातसून सुचिता उभी राहून काम करायची, दमयंती बसून. आणि बसल्या जागेवरून सगळं घर आपल्याच हाताखाली आहे, अशी तिची खात्री होती.

"आये, बोनकोड्याच्या हळदीला त्या गिरजाबाईला तू काय सांगितलंस?"

"कनच्या गिरजाबाईला?"

"नावड्याच्या. आज जे येतायत त्यांच्या आजीला. आपल्या कल्पेशबद्दल काय बोललीस?"

दमयंतीनं पान उलटं करून त्याची शीर नखानं सोलली. "खरा ता सांगला. तिनं इचारला, नातू काय करतं? मी सांगला, बिल्डिंगचा काम करतं."

रामचंद्र दारातल्या स्टुलावर बसला.

"काय झालं, बाबा?" सुचितानं बेसन ढवळता ढवळता विचारलं.

"भगवानशेठचा फोन होता. चारला पोचतायत. म्हनाला, बरं झालं, तुमचा मुलगा पन आपल्याच लायनीतला. साईट कुठं चालू हाय, विचारत होता."

सुचिताच्या हातातला चमचा बेसनात बुडाला. "मग तुमी काय सांगितलं?"

रामचंद्रनं मानेवरून हात फिरवला. "मी बोललो, इथंच. सानपाड्यात."

नावड्याचा भगवानशेठ म्हणजे तीन बिल्डिंगींचा बिल्डर. त्याचा मुलगा रणजीत आणि रामचंद्रची मुलगी भाविका यांचं दोन वर्षांपासून जमलेलं होतं, आणि आज पहिल्यांदा दोन्ही घरं समोरासमोर बसणार होती. त्या घरात एका बिल्डरला दुसऱ्या बिल्डरचं कौतुक असणं साहजिक होतं. पण दमयंतीचा नातू कल्पेश बिल्डर नव्हता. तळोज्याच्या एका गोडाऊनमध्ये तो अकरा वर्षं सुपरवायझर होता. सात महिन्यांपूर्वी कंपनीनं ते गोडाऊन उचलून दुसऱ्या राज्यात नेलं आणि कल्पेशला इथंच ठेवलं. तेव्हापासून घर सुचिताच्या लॅबमधल्या नोकरीवर चाललं होतं आणि कल्पेश एकविरा प्रसाद सोसायटीत, म्हणजे या राहत्या बिल्डिंगीतच होता. सकाळपासून रात्रीपर्यंत.

"आजी, 'बिल्डिंगचं काम करतो' म्हटल्यावर लोक काय समजतील?" सुचिता म्हणाली.

"काय समजतील? बिल्डिंगचा काम करतं असा समजतील." दमयंतीला खरंच कळेना. "सकाली टाकीचा वॉल कोन खोलतं? पार्सलं कोन घेतं? लोकांच्या चाव्या कोनाकडं हायत? यो बिल्डिंगचा काम नाय तं काय माज्या सासऱ्याचा काम हाय?"

सासऱ्याचं नाव तिच्या तोंडी असं यावं यालाही कारण होतं. दमयंती सोळाव्या वर्षी सानपाड्यात नांदायला आली तेव्हा जिथं आज ही बिल्डिंग उभी आहे तिथून खाडीचं पाणी दिसायचं. भातशेतीला खारं पाणी लागू नये म्हणून मातीचा बांध, आणि त्या बांधाला उधाणात खांड पडायची. खांड पडली अशी हाक आली, की प्रत्येक घरातून एक माणूस धावायचा. चिखल, पेंढा, वेळ पडली तर घराचं दार उचलून त्या भगदाडात टाकायचे. तिचे वडील सोयरीक बघायला आले होते तेव्हा जमीन किती, भात किती असलं काही त्यांनी विचारलंच नव्हतं. विचारलं ते एवढंच, की खांड पडली तर तुमच्या घरातून कोण जातं? सासरा म्हणाला होता, मी जातो, आणि माझ्यामागं हा पोरगा जाईल. तेवढ्यावर सुपारी फुटली.

बांध गेला, शेत गेलं, जमिनीच्या बदल्यात सरकारनं दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर सात मजले उभे राहिले. दमयंतीच्या बोलण्यात मात्र बांधाचा काम आणि बिल्डिंगचा काम एकाच सुरात यायचं. त्या दिवशी हळदीला गिरजाबाईला सांगताना तिची मान जराशी वर झाली होती. गिरजाबाईनं ती मान बघितली आणि घरी जाऊन मुलाला सांगितलं, पोरीचा भाऊ मोठा बिल्डर दिसतोय.

*

कल्पेश त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर होता. सोसायटीचे सेक्रेटरी दिलीप यांचा नऊलाच फोन आला होता: "कल्पेशभाऊ, रविवारी कोण ठोकतंय बघा जरा." कल्पेश "बघतो" म्हणाला, जिना उतरून गेला, आणि नव्या भाडेकरूला त्यानं समजावलं की रविवारी ड्रिल नाही, हातोडा नाही, खिळासुद्धा नाही.

जिन्यानंच तो सगळ्यांचा झाला होता. नोकरी गेल्यावर पहिला महिनाभर त्यानं लिफ्ट वापरली नाही. लिफ्टमध्ये कोणीतरी भेटायचं आणि विचारायचं, "आज सुट्टी का?" म्हणून तो जिन्यानं जायचा. आणि जिन्यावर त्याला ती बिल्डिंग भेटली जी त्याला अकरा वर्षांत कधी दिसली नव्हती. सकाळी साडेनऊला नोकरीवाले गेले की मागं उरायचे म्हातारे, बाळंतिणी आणि कुलपं. पाचव्या मजल्यावरचे नामाकाका हातात औषधाची बाटली घेऊन दारात उभे असायचे, कोणी झाकण उघडून देईल का म्हणून. पहिल्या दिवशी त्यानं झाकण उघडून दिलं. महिन्याभरात त्याच्या हॉलमध्ये चाव्यांचा बोर्ड झाला: मोडक्या पाटाची फळी, नऊ खिळे, नऊ घरांच्या चाव्या. दमयंतीला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक चावीला तिनं खूण बांधली होती. कुणाची बांगडीची काच, कुणाची लाल लोकर. नामाकाकांच्या चावीला शर्टाचं बटण.

तो वर आला तेव्हा रामचंद्र त्याच बोर्डावर महालक्ष्मीचं भलंमोठं कॅलेंडर टांगत होता.

"बाबा, हे काय?"

"आजच्या दिवस. चार ते सहा. फोन बंद, दार बंद, आणि यो बोर्ड पन बंद."

सगळी हकीकत ऐकून कल्पेश आधी हसला. इतका हसला की सोफ्याचा हात धरावा लागला. मग म्हणाला, "बाबा, फोन लावा. मी सांगतो त्यांना, गैरसमज झालाय."

"बरोबर बोलतोय दादा." भाविका केस पुसत आतून आली. "लग्नानंतर काय करनार? दर दिवाळीला दादाला बिल्डर करनार?"

"तू गप. तुज्यासाठीच चाललंय," रामचंद्र म्हणाला.

"बाबांचं एकदम चूक नाही," सुचिता स्वयंपाकघरातून म्हणाली. "पहिल्याच दिवशी दारात उभं करून कशाला सांगायचं? बसू दे, खाऊ दे, माणसं कळू दे. मग सांगू."

"वैनी, तू पन?"

"मी पन नाही गं. माझ्या अळूवड्या फुकट जाऊ नयेत एवढंच."

भाविकाचा फोन वाजला. ती बाल्कनीत गेली, पाच मिनिटांनी परत आली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"रणजीतला सगळं माहितीये. दादाची नोकरी गेली त्याच दिवशी मी सांगितलं होतं. पन त्यानं घरी नाही सांगितलं." ती खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल नीट करत राहिली. "त्याच्या चुलत बहिणीचं लग्न भगवानशेठनी मोडलं. मुलाचा भाऊ घरी बसून होता म्हणून. म्हणाले, आज बसलाय, उद्या आपल्या पोरीच्या जीवावर बसेल."

कल्पेश बहिणीकडं बघत होता. तिनं आता म्हणायला हवं होतं, तरीपन सांग दादा. ती टॉवेलच्या घड्या घालत होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "बिल्डर तर बिल्डर. पोडियम म्हणजे काय तेवढं कोणीतरी सांगा."

आणि त्यानं खिशातून फोन काढून बंद केला. सात महिन्यांत पहिल्यांदा.

*

पाहुणे चारला पाच मिनिटं असताना आले. भगवानशेठ, त्याची बायको विमलबाई, रणजीत, आणि सगळ्यांच्या पुढं, काठी टेकत, गिरजाबाई. दमयंती आणि गिरजाबाई एकमेकींना बघून अशा हसल्या, जणू लग्न या दोघींचंच ठरत होतं. दिवाणावर जाऊन त्या लगेच मिठागराच्या गोष्टींना लागल्या.

सुचिता बशा भरत होती आणि तिचे कान हॉलमध्ये होते.

"मग कल्पेशशेठ," भगवानशेठ म्हणाला, "आत्ता किती माळ्याचं काम चाललंय?"

"सात," कल्पेश म्हणाला. तेवढं तरी खरं होतं.

"पार्किंग स्टिल्टला?"

"हो. खाली एक खड्डा आहे. पावसात पानी साचतं."

"साचनारच. आपल्याकडं खाडीच वर येते." भगवानशेठ खूश झाला. "आनि पझेशन दिल्यावर लोकं त्रास देतात की नाय?"

तेवढ्यात बेल वाजली. रामचंद्र धावला. दाराच्या फटीतून पार्सलवाल्याचा आवाज आला, "कल्पेशभाऊ? सहाशे एकचं, सातशे तीनचं, आनि मॅडम बोलल्या वॉशिंग मशिनवाला आला तर..."

"उद्या, उद्या!" रामचंद्रनं पार्सलं आत ओढली आणि दार लावलं.

भगवानशेठ चकित झाला. "रहिवाशी लोकांची पार्सलं तुमी घेता? बिल्डरनं?"

"संबंध चांगले ठेवायचे," रामचंद्र म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

पुन्हा बेल. या वेळी चौथ्या मजल्यावरची जाई, कडेवर तान्हं बाळ. "भाऊला सांगा ना, किचनच्या नळाला परत धारच नाही..."

"राहता इथंच?" दार लागल्यावर भगवानशेठनं कल्पेशच्या गुडघ्यावर हात ठेवला. आवाजात खरी काळजी होती. "मोठ्या भावासारखा सांगतो. आपन बांधलेल्या बिल्डिंगीत आपन राहायचं नसतं. मी तीन बांधल्या, राहतो चौथीत. ती दुसऱ्यानं बांधलेली."

सगळे हसले. कल्पेशही हसला, पण सुचितानं त्याचा चेहरा बघितला. लॅबमध्ये रोज शंभर माणसं तिच्यासमोर येऊन बसायची. सुई टोचताना दुखलं नाही म्हणणाऱ्यांचे चेहरे तिला चांगले ओळखता यायचे. हा माणूस सात महिने घरी होता आणि एकदाही तिला घरात लाजलेला दिसला नव्हता. आज नवा शर्ट घालून, सोफ्यावर बसून, तो लाजत होता.

तिचाच फोन वाजला. पाचव्या मजल्यावरची कुंदन, नामाकाकांची मुलगी. ऐरोलीला हॉस्पिटलात नर्स होती. ती एका दमात बोलत होती: "सुचिता, कल्पेशचा फोन बंद येतोय. बाबा तासभर झाला फोन उचलत नाहीयेत. बाजूवाले बाहेर गेलेत. मी ड्यूटीवर आहे, निघाले तरी पाऊण तास..."

सुचितानं हातातली बशी ठेवली. हॉलमध्ये आली. सासऱ्यानं डोळ्यांनी "नको" म्हटलं ते तिला दिसलं. ती सरळ भिंतीशी गेली आणि तिनं महालक्ष्मीला नमस्कार करून कॅलेंडर खाली काढलं.

नऊ चाव्या पाहुण्यांसमोर लटकत राहिल्या.

तिनं बटणाची चावी काढून नवऱ्याच्या हातात दिली. "नामाकाका दार उघडत नाहीयेत. जा."

कल्पेश उठलाच होता. पार्सलांच्या मागचा स्क्रू ड्रायव्हर त्यानं न बघता उचलला. "एक मिनिट हां, शेठ," म्हणाला आणि गेला.

"थांबा, मी पन येतो," भगवानशेठ म्हणाला. बिल्डर होता, बंद दार बघितल्याशिवाय त्याला राहवेना.

सुचिता रिकामी बशी पदरानं पुसत भिंतीशी उभी राहिली. "सुचिता," रामचंद्र हळूच म्हणाला, "सगलं घालवलंस गो."

भाविका उठून वहिनीजवळ गेली आणि तिच्या हातातली बशी तिनं आपल्या हातात घेतली. "बरं केलंस, वैनी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हे सकाळी मीच करायला पायजे होतं."

*

नामाकाकांच्या घरात पंखा चालू होता, टीव्ही चालू होता, आणि मोबाईल टीव्हीसमोर पडून होता. कल्पेशनं आत जाऊन हाक मारली. "नामाकाका!"

"न्हानीत हाय रं!" आतून खणखणीत आवाज आला. "कल्प्या का? आलास का? कडी अडकली रं बाबा. एक तास झाला. येतात तेवरी सगली गानी म्हनून झाली."

कल्पेशनं भिंतीला टेकून श्वास सोडला. मग गुडघ्यावर बसला आणि कडीचे स्क्रू बघू लागला. भगवानशेठनं मोबाईलचा टॉर्च धरला.

"साईटवरचा सुतार बोलवा ना," शेठ म्हणाला. "तुमी कशाला हात घालता?"

"दोन मिनिटांचं काम आहे."

आतून नामाकाका बोलतच होते. एकटं कोंडलेल्या माणसाला बोलायला मिळालं की थांबवत नाही. "बरा झाला रं तुजी नोकरी गेली ती! अजून तलोज्याला जात असतास तं माजी चावी कोनाकडं असती? मी रोज देवाला सांगतंव, कल्प्याला दुसरी नोकरी दे. पन हिथंच दे, जवल. लांब नको देव."

टॉर्चचा उजेड स्क्रूवरून सरकून भिंतीवर गेला.

"जरा खाली धरता का, शेठ?" कल्पेश म्हणाला.

"नोकरी?"

"सात महिने झाले गेली. गोडाऊनला सुपरवायझर होतो. बिल्डर नाही मी. कधीच नव्हतो." एक स्क्रू गंजला होता, त्यानं जोर लावला. "आमची आजी बोलली, बिल्डिंगचं काम करतो. ते हे काम. ती खोटं बोलली नाही. खोटं मी बोललो, खाली बसून. टॉर्च, शेठ."

भगवानशेठनं टॉर्च खाली धरला.

"माझं जे काय असेल ते माझ्यावर धरा," कल्पेश स्क्रूकडं बघतच म्हणाला. "भाविकाला सकाळपासून सांगायचं होतं. मग ती घाबरली. तुमच्या पुतणीचं ऐकून."

कडी निघाली. दार उघडलं आणि नामाकाका टॉवेल गुंडाळून, रागानं, बाहेर आले.

"यो कोन?"

"पाहुणे आहेत, काका. भाविकाला बघायला आलेत."

"मंग न्हानीत कशाला आनलास त्यांना?"

जिना उतरताना भगवानशेठ एका मजल्यावर थांबला. दम लागला होता, किंवा विचारायचं होतं. "हे असं रोज चालतं?"

"रोज नाही. बाथरूम आज पहिल्यांदाच."

*

दमयंतीनं दोघांना आत येताना बघितलं. नातवाच्या नव्या शर्टाला गंजाचा डाग होता. भगवानशेठचा चेहरा मात्र तिला वाचता येईना. तो बसला, पाणी प्यायला, आणि रामचंद्रकडं वळला.

"रामचंद्रशेठ, तुमचा मुलगा बिल्डर नाय."

रणजीतनं मान खाली घातली. विमलबाईनं मुलाकडं बघितलं आणि तिला जे समजायचं ते समजलं.

"चूक माझी," रामचंद्र म्हणाला. "फोनवर खरं ते तोंडातून निघालं नाय."

"कोन बोलला बिल्डर हाय?" दमयंती दिवाणावरून पाय खाली सोडत म्हणाली. ती खरोखर चिडली होती. "मी बिल्डर कवा सांगला? गिरजा, तू सांग. मी काय सांगला तुना?"

गिरजाबाईनं डोळे मिटून आठवलं. "बिल्डिंगचा काम करतं."

"मंग?"

"मंग मना वाटला..." गिरजाबाई थांबली. तिच्या पोटातून हसू वर येऊ लागलं. काठी हातातून सुटली, रणजीतनं उचलली. "अगो दमयंती, आमच्या घरात बिल्डिंगचा काम म्हंजे बिल्डिंग बांधायचा काम. बांधून झाला का कोन बगतं?"

"आये," भगवानशेठ म्हणाला, "हसन्यावारी नको नेऊस. पोरगा घरी बसून हाय. सात महिने."

"बसून?" गिरजाबाईचं हसू एकदम थांबलं. "मी आल्यापासून बगतंव, यो पोऱ्या धा मिनटं बसला नाय. त्याचा बापूस त्याला बसवतं आनि बेल त्याला उठवतं. आनि तू कोनाला सांगतस? तुज्याच बिल्डिंगीत चवथ्या माल्यावर मी तीन दिस अडकलेली. लिफ्ट बंद. खाली भजन व्हता, मी खिरकीतून आयकला. तुना फोन केला तं तू बोललास, मीटिंगमदी हाय."

"मी मानूस पाठवलेला, आये."

"चवथ्या दिसाला आला तो. तवा भजनवाले पन घरी गेलेले."

विमलबाईनं पदर तोंडाला लावला. भाविका आणि रणजीत एकमेकांकडं न बघण्याचा प्रयत्न करत होते.

गिरजाबाई दमयंतीकडं वळली. "आपल्या येली सोयरीक बगाया जायचे तवा काय इचारायचे गो?"

"खांड परली तं घरातून कोन जातं," दमयंती म्हणाली.

"भगवान, तूच सांग आता. खांड परली. कोन गेला?"

भगवानशेठनं कपाळ चोळलं. बाथरूमच्या दारासमोर टॉर्च धरून उभं राहिल्याचं त्याला आठवत असावं. नामाकाका टॉवेलावर आठवले की काय, त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "पोरगा गेला," तो म्हणाला. "आनि मी टॉर्च धरायला."

"मंग झाला तर."

"झालं." त्यानं अळूवडी उचलली आणि अख्खी तोंडात टाकली. मग, चघळता चघळता, धंदेवाल्या माणसासारखं त्याला सुचलंच: "कल्पेश, असं कर. माझ्या तीन बिल्डिंगी हायत. मेंटेनन्सला असाच मानूस पायजे. उद्यापासून..."

"गप!" गिरजाबाईनं काठी आपटली. "सोयऱ्याला कोन नोकर ठेवतं? उद्या भांडन झाला तं पोरीला आयकावा लागंल, भाऊ तुजा आमचा नोकर."

"आणि मंगळवारी माझा इंटरव्ह्यू आहे," कल्पेश म्हणाला. "उरणला गोडाऊन आहे एक. झालं तर झालं."

"नामाकाका देवाला सांगतायत लांब नको," भगवानशेठ म्हणाला. घरातल्या दुसऱ्या कुणाला हा विनोद कळला नाही, पण ते दोघं हसले. रामचंद्रनं त्यांना एकत्र हसताना बघितलं, आणि सकाळपासून ताठ धरलेली त्याची पाठ सोफ्याला टेकली.

साखरपुड्याची तारीख ठरेपर्यंत अळूवड्या संपल्या. पाहुणे निघाले. सगळे दारात चपला घालत असताना गिरजाबाई मात्र चाव्यांच्या बोर्डसमोर उभी राहिली. एकेक खूण बोट लावून बघितली. मग कमरेची चंची सोडली, त्यातून एक चावी काढली आणि कल्पेशपुढं धरली.

"ही पन टांग."

"आजी, ही कुणाची?"

"माज्या घरची. मी चवथ्या माल्यावर एकटी रातंव. यांचा घर तिसऱ्या गल्लीत."

"आजी, नावडं कुठं, सानपाडा कुठं! तुमी अडकलात तर मी पोचेपर्यंत..."

"सोयरा झालास का येशील," गिरजाबाई म्हणाली. "न येऊन जाशील कुठं?"

भाविकानं तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा वहिनीचा हात धरला, घट्ट. लग्न ठरलं ते तारीख काढली तेव्हा नाही, आत्ता ठरलं, हे तिला कळलं.

लिफ्ट गेली. कल्पेश चावी हातात घेऊन बोर्डसमोर उभा होता. नऊ खिळे, नऊ चाव्या. दमयंतीनं हातातल्या बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिना चाचपल्या. चाळीस वर्षं ती बांगडी अशा पिना सांभाळत आली होती. तिनं त्यातली सगळ्यात मोठी काढून गिरजाबाईच्या चावीला लावली.

"नवा खिला मार रं."

कल्पेशनं हातोडी आणली. एक घाव, दोन घाव. तिसऱ्याला फळी थरथरली आणि सगळ्या चाव्या वाजल्या. त्यानं फोन आत्ताच चालू केला होता. तो लगेच वाजला.

"कल्पेशभाऊ," दिलीप सेक्रेटरी म्हणत होते, "रविवारी कोण ठोकतंय बघा जरा."

कल्पेशनं हातोडी पाठीमागं लपवली, जणू त्यांना दिसणार होती.

"बघतो," तो म्हणाला, आणि चौथा घाव घातला.